सँडीगेटचा उतार

(दृश्य: बसची पुढची काच. पाऊस नुकताच थांबलाय. रस्ता सरळ वर चाललेला.)

बस चढतेय. दोन मिनिटांनी बघावं तरी चढतेच आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे लोक सांगतात, आमचं गाव रोमसारखं सात टेकड्यांवर वसलंय. मला तर वाटतंय, त्या सातही टेकड्या याच एका रस्त्यावर ओळीने मांडल्यात.

खाली पोलादाचं जुनं शहर. वर क्रॉसपूल नावाचं शांत उपनगर, दगडी घरांचं. आणि त्याच्या पलीकडे पीक डिस्ट्रिक्टचा उघडा माळ. वारा तिथून येतो, आणि वाटेत त्याला अडवायला कोणी नसतं. टोपी विसरू नका. मी विसरलो.

शनिवार आहे. दुपारचे दोन. तीन वाजता सामना.

(दृश्य: मैदानाचं फाटक. समोर रस्त्यापलीकडे ‘द प्लो’ पबची इमारत.)

हे सँडीगेट. हॅलम फुटबॉल क्लबचं मैदान. गिनेस बुकात याची नोंद आहे: जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान. 1804 पासून इथे क्रिकेट खेळलं जायचं, आणि 26 डिसेंबर 1860 रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, इथे पहिला फुटबॉल सामना झाला.

एवढं वाचून मी आलोय, त्यामुळे डोळे काहीतरी भव्य शोधतायत. दिसतं काय? एक भिंत, एक छोटं फाटक, आणि फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेले एक आजोबा. गळ्यात निळा मफलर.

“एय अप, लव्ह,” ते म्हणतात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलो होतो. या भागात ‘एय अप’ म्हणजे आपलं ‘काय मग?’. आणि ‘लव्ह’ हे जुन्या पिढीतले पुरुष पुरुषालाही म्हणतात, त्यात काही विशेष नाही. आपल्याकडे ‘भावा’ म्हणतात, तसं.

तिकीट घेतो. प्रीमियर लीगच्या तिकिटापुढे ही रक्कम म्हणजे चिल्लर. शिवाय लॉटरीची एक चिठ्ठी घ्यावीच लागते. घ्यावीच लागते म्हणजे सक्ती नाही, पण आजोबा अशा नजरेने बघतात की पाकीट आपोआप बाहेर येतं.

(दृश्य: गोलाची जाळी बांधणारे दोन स्वयंसेवक. कॉर्नरचा झेंडा वाऱ्याने आडवा.)

इथे थोडं ‘नॉन-लीग’ या शब्दाबद्दल. शब्द फसवा आहे. इंग्लंडमध्ये ‘लीग’ म्हटलं की वरचे चार विभाग: प्रीमियर लीगचे 20 क्लब आणि त्याखालचे 72, मिळून 92. त्यांच्याखाली जे जे कोणी आहेत ते सगळे नॉन-लीग. पण म्हणून तिथे लीग नाहीत असं नाही. उलट लीगच लीग आहेत, एकीखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. पाचव्या पायरीवर तर पगारी, पूर्णवेळ खेळाडूंचे क्लब आहेत, आणि 1987 पासून तिथून जिंकून थेट वर जाता येतं. हॅलम बरंच खाली. 2022 साली बढती मिळवून क्लब नवव्या पायरीवर आला, तेव्हा या टेकडीवर मोठा आनंद झाला होता.

इतक्या खालच्या पायरीवर खेळाडू आठवडाभर दुसरी नोकरी करतात. गवत कापणं, चुन्याच्या रेघा मारणं, चहा करणं, पैसे मोजणं, हे सगळं फुकट राबणारी माणसं करतात. आत्ता जाळी बांधणारे जे दोघे दिसतायत, त्यांच्यातला एक मला पुढच्या अर्ध्या तासात आणखी दोन ठिकाणी दिसला. एकदा कार्यक्रमपत्रिका विकताना, एकदा कचऱ्याची पिशवी बदलताना.

आणि एक गंमत. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये फुटबॉलचं थेट प्रक्षेपण दाखवत नाहीत. लोकांनी घरी टीव्हीसमोर न बसता मैदानावर यावं, म्हणून दशकानुदशकं पाळलेला हा नियम. त्यामुळे होतं असं, की प्रीमियर लीगचा दुपारी तीनचा सामना पुण्यातल्या घरात सोफ्यावर बसून बघता येतो, पण तो जिथे चाललाय त्या गावातल्या माणसाला घरबसल्या बघता येत नाही. त्याने काय करावं? त्याने टेकडी चढावी.

(दृश्य: मैदान, एका टोकाकडून. कॅमेरा सरळ आहे, मैदान तिरकं.)

कॅमेरा नीट धरलाय. तिरकं आहे ते मैदान.

सँडीगेट उतारावर आहे. थोडंथोडकं नाही, चांगलंच. चेंडू मध्यावर ठेवला तर तो स्वतःहून कुठे जाईल, हे इथल्या पोरांना पाळण्यापासून माहीत असतं. पाहुण्या संघाला ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं, बहुतेक वेळा वाईट पद्धतीने. आज जो गोरा, उंच बचावपटू पाहुण्यांकडून खेळतोय, त्याने गोलरक्षकाकडे मागे दिलेला साधा पास बघा. द्यायला गेला सरळ, गेला कॉर्नरला. त्याने चेंडूकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. माझ्या शेजारचा म्हातारा समाधानाने म्हणाला, “कळलं वाटतं.”

(दृश्य: खाण्याच्या खिडकीपाशी लागलेली रांग. केशरी लेबलची बाटली.)

खाण्याबद्दल बोलायलाच हवं. मांसाचा ‘पाय’ (pie), म्हणजे पिठाच्या कवचात भरलेलं गरम सारण, सोबत भरडलेले वाटाणे, आणि वरून हेंडरसन्स रेलिश. हा काळपट, आंबटगोड सॉस शेफिल्डमध्येच बनतो, 1885 पासून. दिसायला वूस्टर सॉससारखा, पण तसं इथे म्हणू नका. वूस्टरमध्ये मासळी असते, यात नसते. आपल्या शाकाहारी मंडळींना हा सॉस चालतो, अडचण फक्त त्याच्याखालच्या ‘पाय’ची आहे. वाटाण्यांवर बाटली उपडी केली की रगड्याची आठवण येते. थोडीशीच.

आणि बिअर. इंग्लंडच्या वरच्या विभागांत मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला कायद्याने बंदी आहे, 1985 पासून. इतक्या खाली तो कायदा लागू होत नाही. त्यामुळे इथे प्लास्टिकचा ग्लास हातात धरून थेट रेघेपाशी उभं राहता येतं. लाइन्समन तुमच्यापासून हातभर अंतरावरून धावतो. त्याला तुमचं मत ऐकू येतं. आणि तुमचं मत काय आहे हे तुम्ही ठरवण्याआधीच, मागून कोणीतरी ते मोठ्याने सांगितलेलं असतं.

(दृश्य: पहिला अर्धा. चेंडूचा आवाज, खेळाडूंच्या हाका. संगीत नको.)

ऐका. मोठ्या स्टेडियमवर हे कधीच ऐकू येत नाही. बुटाचा चेंडूवर बसलेला ‘धप्’. गोलरक्षकाची ओरड. प्रशिक्षकाच्या शिव्या, ज्या आम्ही इथे जरा खालच्या आवाजात ठेवल्यात.

(दृश्य: जुन्या शेफिल्डची कोरीव चित्रं.)

आता 1860. हॅलम क्लब त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जॉन चार्ल्स शॉ आणि थॉमस व्हिकर्स यांनी काढला. त्याआधी तीन वर्षं, म्हणजे 1857 मध्ये, खाली शहरात शेफिल्ड फुटबॉल क्लब निघाला होता. आज जगात टिकून असलेला तो सर्वांत जुना क्लब. पण एकटा क्लब खेळणार कोणाशी? सुरुवातीला सभासद आपापसातच संघ पाडून खेळायचे. लग्न झालेले विरुद्ध ब्रह्मचारी, असेही सामने व्हायचे. हॅलम आलं आणि पहिल्यांदा समोर ‘दुसरा’ क्लब उभा राहिला. शेफिल्डने तो सँडीगेटचा पहिला सामना 2-0 असा जिंकला. उतार तेव्हाही हॅलमच्या फारसा कामी आला नसावा.

आपल्या लोकांना आवडेल अशी एक गोष्ट: या सगळ्याच्या मुळाशी क्रिकेट आहे. हिवाळ्यात क्रिकेट बंद, मग अंगात गंज चढू नये म्हणून फुटबॉल. शेफिल्डचा मोठा क्लब ‘वेन्सडे’ हासुद्धा मुळात क्रिकेट क्लबच. बुधवारी अर्धी सुट्टी मिळायची, म्हणून ते नाव. कोल्हापुरात फुटबॉल संघांच्या नावात तालीम असते, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम. म्हणजे तिथे हा खेळ कुस्तीच्या आखाड्याच्या ओसरीवर वाढला. इथे तो क्रिकेटच्या ओसरीवर वाढला.

(दृश्य: ब्रॅमल लेनचं आजचं स्टेडियम, बाहेरून.)

दोन वर्षांनी, 29 डिसेंबर 1862 ला, हेच दोन क्लब ब्रॅमल लेनवर भेटले. सामना मदतनिधीसाठी होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडून कापूस येणं थांबलेलं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांतले कामगार उपाशी. त्यांच्यासाठी पैसे जमवायचे होते. त्याच कापसाच्या टंचाईने इकडे मुंबईत काय केलं, ते आपण शाळेत शिकलोय. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, बॅक बे भरावाच्या शेअरांवर लोक वेडे झाले, आणि 1865 मध्ये सगळा फुगा फुटला. म्हणजे मुंबईत ज्या कारणाने पैशाचा पूर आला होता, त्याच कारणाने इथे टोपी फिरत होती.

तर, परोपकाराचा सामना. आणि त्यात मारामारी झाली. शेफिल्डचा मेजर क्रेसविक, क्लबच्या दोन संस्थापकांपैकी एक, चेंडूपाशी झगडत असताना हॅलमचा वॉटरफॉल नावाचा खेळाडू त्याच्यावर धावून गेला. वर्तमानपत्राने लिहिलं की वॉटरफॉलने जाकीट काढून रीतसर लढाईचा पवित्रा घेतला. हॅलमवाल्यांचं म्हणणं वेगळं होतं, आणि त्यांनी ते पेपरला लिहून कळवलं. लाल कार्ड तेव्हा नव्हतं. मग शिक्षा काय? वॉटरफॉलला गोलमध्ये उभं केलं.

जगभरच्या गोलरक्षकांनी या शिक्षेवर काय म्हणायचं ते म्हणावं.

(दृश्य: मध्यंतर. प्रेक्षक मैदानाच्या कडेने चालत निघालेत.)

मध्यंतराला बघा काय होतं. एका गोलामागे उभे असलेले लोक ग्लास, कुत्रा, बाबागाडी, सगळं घेऊन दुसऱ्या गोलामागे निघतात. आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार, त्यामागे उभं राहायचं. जागा ठरलेली नाही, तिकिटावर क्रमांक नाही. वाटेत दोन्ही बाजूंचे पाठीराखे एकमेकांना ओलांडून जातात, थोडी टिंगल करतात, “वारा घेऊन जा तुमचा” वगैरे.

या गर्दीत एक गृहस्थ स्टँडमध्ये वही घेऊन बसलेत. ते कोणत्याच संघाचे नाहीत. ते मैदानं जमवतात, जशी कोणी पोस्टाची तिकिटं जमवतं. वरच्या लीगमधली 92 कधीच झाली, आता खालची चालू आहेत. मी विचारलं, मग हे सर्वांत जुनं मैदान इतकं उशिरा का? म्हणाले, “दीडशे वर्षं कुठे गेलं नाही. आणखी थोडं थांबलं असतं.”

(दृश्य: चांदीचा चषक, जवळून.)

दुसरा अर्धा सुरू होईपर्यंत चषकाची गोष्ट. 1867 साली थॉमस युडन नावाच्या नाटकगृहाच्या मालकाने शेफिल्डच्या क्लबांसाठी स्पर्धा ठेवली. अंतिम सामना ब्रॅमल लेनवर, हॅलम विरुद्ध नॉरफोक. गोल एकही झाला नाही, तरी हॅलम जिंकलं. कसं? तेव्हा गोल अगदी अरुंद, चार यार्डांचा, आणि दोन्ही बाजूंना चार-चार यार्डांवर झेंडा. चेंडू खांब आणि झेंड्याच्या मधून गेला आणि हल्ला करणाऱ्याने तो आधी जमिनीवर टेकवला, की त्याला ‘रूज’ म्हणत. गोल बरोबरीत असतील तर रूज मोजायचे. थोडा रग्बी, थोडा हिशोब. हा नियम पुढे नाहीसा झाला. शेफिल्डच्या नियमांतला कॉर्नर किक मात्र राहिला, आणि आज जगात कुठेही फुटबॉल असो, तो असतोच.

चषक नंतर हरवला. किती तरी वर्षं त्याचा पत्ता नव्हता. 1997 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे तो निघाला, आणि क्लबने 2,000 पौंड देऊन आपलाच चषक विकत घेतला.

(दृश्य: दुसरा अर्धा. ढग खाली उतरलेत. दिवे लागतात.)

हॅलम आता उताराच्या बाजूने खेळतंय. पहिला गोल सुंदर वगैरे नाही. चिखलात तीन जण पडले, चौथ्याच्या गुडघ्याला लागून चेंडू आत गेला. खेळाडू थेट कठड्यापाशी आला आणि एका बाईंच्या गळ्यात पडला. आई असावी. तिने त्याच्या कपाळावरचा चिखल पुसला, मग पंचांनी त्याला बोलावलं.

पाहुण्यांनी बरोबरी साधली तेव्हा सन्नाटा वगैरे पसरला नाही, कारण वाऱ्याचा आवाज होताच. शेवटच्या पाच मिनिटांत हॅलमने तीन कॉर्नर घेतले. तिन्ही वाऱ्याने उडवले. एक चेंडू कुंपणापलीकडे गेला, आणि सामना थांबवून सगळे वाट बघत राहिले, कारण राखीव चेंडूही कुठेतरी तिकडेच गेलेला. शेवटी मफलरवाले आजोबाच गेले आणि काखेत दोन चेंडू घेऊन परत आले. त्यांना दिवसातल्या सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या.

1-1.

(दृश्य: रिकामं मैदान. उखडलेली ढेकळं पायाने दाबत चाललेली चार माणसं.)

खेळाडू आत गेलेत. लॉटरी मला लागलेली नाही. जाळ्या निघाल्या, कॉर्नरचे झेंडे काखोटीला मारून कोणीतरी नेले. चार जण उतारावर ओळीने चालत उखडलेलं गवत परत जागेवर बसवतायत. हातात बागेचा काटा, टोचायचं आणि पायाने दाबायचं.

आजोबा फाटक ओढता ओढता विचारतात, “मंगळवारी येतोस ना, लव्ह? पावणेआठला आहे. आणि टोपी आण.”