बॉक्स चालू आहे, पण कुठवर आलाय?

मित्रहो, सेट-टॉप बॉक्स केबलच्या नेटवर्कवर साइन-ऑन झाला का, म्हणजे नोंदला जाऊन कामाला लागला का, हे कमांड लाइनवरून कसं बघायचं, असा आजचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो: ‘झाला का’ हा प्रश्नच अपुरा आहे. बॉक्स कुठवर पोचला आणि कुठे अडला, हे विचारायला हवं.

तुम्ही सगळे याच कामातले, त्यामुळे डॉक्सिसची, म्हणजे केबलवरून डेटा नेण्याच्या मानकाची, उजळणी करत नाही. एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. एका ऑपरेटरकडे एकाच नोडवरून, म्हणजे एका वस्तीला केबल पुरवणाऱ्या जोडबिंदूवरून, तक्रारी येत होत्या. चित्र स्वच्छ, पण ऑन-डिमांड उघडत नाही. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर नोड हिरवागार, कारण तो पडदा बघत होता फक्त सीएमटीएसचा, म्हणजे ऑपरेटरकडच्या ज्या यंत्राशी सगळे बॉक्स बोलतात त्याचा, पोर्ट. मग सुरू झालं बॉक्स बदलणं. नवा बॉक्सही तसाच अडायचा. ग्राहकाला सांगायचे, तुमच्या घरातली वायर खराब आहे. याचा मला आजही राग येतो. तो माणूस कामावर रजा टाकून घरी थांबतो, आणि आपण त्याच्याच माथी दोष मारतो!

शेवटी एका तरुण तंत्रज्ञ मुलीने सीएमटीएसवर ‘शो केबल मोडेम’ ही कमांड दिली. त्या नोडवरचे बॉक्स ‘आर१’वर, मग ‘आर२’वर, मग ऑफलाइन, पुन्हा ‘आर१’. या रेंजिंगच्या पायऱ्या, म्हणजे बॉक्स आपली पॉवर आणि वेळ सीएमटीएसशी जुळवतो तो टप्पा. रेंजिंग पूर्ण झाल्याची ‘आरसी’ ही अवस्था एकाचीही नाही. आणि पॉवरच्या आकड्याशेजारी ओळीने उद्गारचिन्हं. कुणीतरी विचारलं, ही काय भानगड? अहो, बॉक्स ओरडतोय! जास्तीत जास्त पॉवर लावली, याहून मोठ्याने बोलता येत नाही, असा त्या चिन्हाचा अर्थ. दोष निघाला ॲम्प्लिफायरच्या परतीच्या मार्गात, म्हणजे बॉक्सकडून सीएमटीएसकडे जाणाऱ्या वाटेत. परतीचा पट्टा वेगळा असतो. उत्तर अमेरिकी पद्धतीत पूर्वापार ५ ते ४२ मेगाहर्ट्‌झ, युरोपीय पद्धतीत ५ ते ६५. म्हणून चित्र येत होतं आणि बॉक्सचा आवाज वर पोचत नव्हता. सगळं त्या एका रकान्यात लिहिलेलं होतं हो, वाचणारं कुणी नव्हतं!

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा कबूल केलेलं भराभर सांगतो. ‘आर’वर अडला तर केबल, पॉवर, नॉइज बघा. ‘डी’वर अडला तर डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ता वाटणारा सर्व्हर. ‘ओ’वर असेल तर टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने येणारी कॉन्फिग फाइल, म्हणजे बॉक्सची सेटिंग्ज. ‘रिजेक्ट एम’ दिसलं तर केबलला हात लावू नका, फाइलची सही जुळत नाहीये. सीएमटीएस आणि फाइल बनवणारी यंत्रणा, दोन्हीकडचं शेअर्ड सीक्रेट, म्हणजे सहीसाठीचा सामायिक गुप्त शब्द, तपासा.

बॉक्सच्या बाजूने बघायचं तर ‘एसएनएमपीगेट’ या दुरून माहिती विचारणाऱ्या कमांडने ‘डॉक्सआयएफसीएमस्टेटसव्हॅल्यू’ हा अवस्थेचा आकडा मागवा. १ ते १३ मधला एक आकडा येतो: ६ म्हणजे रेंजिंग पूर्ण, ७ म्हणजे आयपी मिळाला, १२ म्हणजे कामाला लागला, १३ म्हणजे प्रवेश नाकारला. पण आयपीच नसेल तर बॉक्स तिकडून उत्तर देणार कसा? त्याआधीचं सगळं सीएमटीएसलाच विचारावं लागतं.

आणि एका क्षणाच्या ‘ऑनलाइन’वर विसंबू नका. ‘शो केबल फ्लॅप-लिस्ट’ बघा, बॉक्स किती वेळा पडला ते तिथे कळतं. ऑनलाइन बॉक्सला वाहिनी दिसत नसेल तर हक्कांचा भाग, म्हणजे ग्राहकाला ती वाहिनी बघायची परवानगी आहे का, वेगळा तपासा, तो साइन-ऑनमध्ये येत नाही.

एक विनंती आहे. तक्रारीच्या नोंदीतला ‘चालू/बंद’ हा रकाना काढून टाका. तिथे अवस्था, पॉवर आणि वेळ लिहा, आणि ते लिहिल्याशिवाय बॉक्स बदलायला माणूस पाठवू नका.