मित्रानेच घरात चोरी केली तर? फिर्याद, पुरावा आणि दागिने परत मिळवण्याबद्दल

नमस्कार. मी वकील आहे, ठाणे आणि बेलापूरच्या कोर्टांत फौजदारी कामं करते. आजच्या विषयाबद्दल लोक फोनवरसुद्धा आवाज खाली करून विचारतात. घरातून दागिना गेलाय, रोकड गेलीय, आणि संशय आहे तो कॉलेजपासूनच्या मित्रावर. किंवा आपल्या मुलांना शाळेतून आणणाऱ्या मैत्रिणीवर. आई ज्याला घरचाच मुलगा मानते अशा कोणावर तरी.

आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, घरात त्याला मीच घेतलं, चावी मीच दिली. मग याला चोरी कसं म्हणायचं?"

चोरीच म्हणायचं. तुम्ही घरात यायची परवानगी दिली होती, कपाटातल्या पाटल्या न्यायची नाही. या दोन परवानग्या कायदा वेगळ्या धरतो, आणि हे आजचं नाही. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या व्याख्येखाली छोटी छोटी उदाहरणं दिली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ३०३ खालीही ती उदाहरणं आहेत. त्यातलं एक चक्क मित्राचंच आहे. मित्र तुमच्या घरी नसताना येतो, तुमचं एखादं पुस्तक वाचून परत द्यायचं म्हणून घेऊन जातो, आणि तुमची याला हरकत नसणार असं त्याला प्रामाणिकपणे वाटत असतं. ही चोरी नाही. दुसऱ्या उदाहरणात टेबलावर घरमालकाची अंगठी आहे आणि कोणी ती लबाडीच्या हेतूने उचलतो. ही चोरी. फरक सगळा हेतूचा आहे. तुमच्या मित्राने ड्रिल मशीन न विचारता नेलं असेल तर आधी फोन करून विचारा. पण मंगळसूत्र वाचायला कोणी नेत नाही.

आता आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही घणसोलीला राहता आणि गणपतीला आठ-दहा दिवस कोकणात गावी जाता. झाडांना पाणी घालायला मित्राकडे चावी देता. परत येता, तर कपाटातला डबा रिकामा. इथे तीन गोष्टी घडलेल्या असू शकतात, आणि तिघींना कायदा वेगवेगळा आहे.

दिलेल्या चावीने तो आत आला आणि कपाटातून दागिने काढले, तर ती राहत्या घरातली चोरी. कलम ३०५, सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड.

निघताना तुम्हीच डबा त्याच्या हातात दिला होतात, "तुझ्या घरी ठेव, आलो की घेतो" म्हणून, आणि त्याने तो विकला किंवा गहाण टाकला, तर तो फौजदारी विश्वासघात. कलम ३१६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. इथे वस्तू तुम्ही विश्वासाने सोपवली होती, म्हणून कलम बदलतं.

तिसरी शक्यता लोकांच्या लक्षातच येत नाही. त्याने मधल्या काळात चावीची डुप्लिकेट करून घेतली, मूळ चावी तुम्हाला हसतमुखाने परत दिली, आणि महिन्याने तुम्ही ऑफिसला असताना दार उघडून आत शिरला. कुलूप तुटलेलं नाही, कडी वाकलेली नाही. तरीही कायद्यात ही घरफोडी आहे. हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दुसऱ्याचं घर उघडून कोणी चोरून आत शिरला, तर ती घरफोडी, असं उदाहरण कायद्यात दिलेलं आहे. कलम ३३० आणि ३३१. हेतू चोरीचा असेल तर दिवसा केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत आणि रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून पोलीस ठाण्यात "दार फोडलेलं नाही, मग घरफोडी कसली" असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. चावी कोणाकडे होती, किती दिवस होती, परत कधी आली, हे सगळं जबाबात लिहून घ्या.

आता ज्यासाठी मी हा व्हिडिओ करतेय तिथे येते. लोक तक्रार करायला आठवडे घालवतात, कारण त्यांना वाटतं की पोलीस ठाण्यात जाणं म्हणजे मित्राला चोर ठरवणं. तसं नाहीये. तुमची फिर्याद वस्तू गेल्याची असते. काय गेलं, कुठून गेलं, शेवटचं कधी पाहिलं होतं, त्या काळात घरात कोण कोण येऊन गेलं, चावी कोणाकडे होती. तुम्हाला माहीत आहे तेवढंच सांगायचं. चोर कोण हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही, अनोळखी आरोपीविरुद्धही गुन्हा नोंदवता येतो. येऊन गेलेल्यांमध्ये मित्राचं नाव असेल तर ते खरं आहे म्हणून सांगा, आणि मोलकरणीचं, इलेक्ट्रिशियनचं, पुतण्याचं नावही तितक्याच खरेपणाने सांगा. हे मला मनापासून सांगायचंय. मित्राचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही म्हणून संशय घरकाम करणाऱ्या बाईवर ढकलला जातो, हे मी पाहिलेलं आहे. तिला चौकीत तासन्‌तास बसवलं जातं, आजूबाजूच्या बिल्डिंगमधली कामं तिच्या हातून जातात. कृपा करून हे करू नका.

ठाण्यात असाल तर नौपाडा, वर्तकनगर, कासारवडवली, नवी मुंबईत वाशी, कोपरखैरणे, नेरूळ, असं तुमच्या हद्दीचं पोलीस ठाणं गाठा. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर लक्षात ठेवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस आणि कोर्टाच्या कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घ्यावीच लागते. तो झिरो एफआयआर, पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. ऑनलाइन माहिती दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.

आणि एनसीवर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नुसत्या नोंदीवर, समाधान मानू नका. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आहे, तिथे पोलीस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत. पण राहत्या घरातल्या चोरीला, म्हणजे कलम ३०५ ला, रकमेची अशी अट नाही. ती दखलपात्र आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलंय. नव्या कायद्यात तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे. कलम ३०५ ची कमाल शिक्षा पूर्ण सात वर्षं आहे, त्यामुळे ते कारण इथे पुढे करता येत नाही.

तरीही नोंद घेतली नाही, तर तक्रार लेखी करून पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवा. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे आयुक्तालय आहे, त्यामुळे आपल्या परिमंडळाचे उपायुक्त. तिथूनही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५, पोटकलम ३ खाली. पोस्टाची पावती जपून ठेवा, त्या अर्जाला ती लागते.

पुराव्याचं बोलू. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर जुनं फुटेज आपोआप पुसत जातो, म्हणून चोरी कळली त्याच दिवशी सेक्रेटरीला लेखी पत्र द्या, अमुक तारखा जपून ठेवा म्हणून. गेटवरच्या ॲपमधली किंवा वहीतली व्हिजिटर नोंद, तीही. दागिन्याचं बिल शोधा. अलीकडच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. तो बिलावर असेल तर सोनाराच्या दुकानातून दागिना जप्त झाल्यावर ओळख पटवणं सोपं जातं. आजीच्या जुन्या पाटल्यांचं बिल कुठून आणणार? मग लग्नाचे, बारशाचे, हळदीकुंकवाचे फोटो काढा, ज्यात त्या हातात दिसतात. तुटलेल्या ठिकाणी डाग लावून, म्हणजे सांधून, घेतलं असेल, वजन करून घेतलं असेल, तर त्या सोनाराचा जबाबही कामी येतो.

बोटांच्या ठशांबद्दल मात्र फार आशा धरू नका. जो मित्र रोज येतो त्याचे ठसे सोफ्यावर, दारावर असणारच. कपाटाच्या आतल्या चोरकप्प्यात, डब्याच्या झाकणाच्या आत सापडले तर त्याला अर्थ आहे, म्हणून पंचनामा होईपर्यंत तो कप्पा आवरू नका, हातही लावू नका.

मित्राने व्हॉट्सॲपवर "चुकलो, पैसे देतो" असं लिहिलं असेल तर तो मेसेज सोन्यासारखा जपा. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण तुम्हाला स्वतःहून दिलेली कबुली विचारात घेतली जाऊ शकते. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ फोन बदलू नका, विकू नका, चॅट डिलीट करू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

स्वतःहून मात्र धमकावून कबुली काढायला जाऊ नका. चार मित्र जमवून त्याला खोलीत कोंडलंत, चापट मारलीत, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही घेतलीत, तर दुसऱ्या दिवशी आरोपी तुम्ही असता. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून "चोर" लिहिलंत, तर अब्रुनुकसानीची फिर्याद, न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. कोणी मंत्रलेले तांदूळ चारायला सांगेल, भगताचं नाव सुचवेल. भगताने काढलेलं नाव म्हणजे पुरावा नाही, आणि एका निरपराध माणसाचं आयुष्य त्याने उद्ध्वस्त होऊ शकतं.

दागिन्यांबरोबर डेबिट कार्ड किंवा फोन गेला असेल तर आधी बँकेला कळवा आणि कार्ड ब्लॉक करा. पैसे निघाले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन. मोबाइल संचार साथी या सरकारी पोर्टलवरून ब्लॉक करता येतो.

संशय मुलाच्या मित्रावर असेल आणि तो अठराच्या आतला असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि तिथला दृष्टिकोन सुधारण्याचा असतो. अशा मुलाच्या आईवडिलांशी आधी बोलणं मला योग्य वाटतं.

गुन्हा नोंदवला म्हणजे लगेच बेड्या पडतील असं समजू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक गरजेची नसेल तर पोलीस हजर राहण्याची नोटीस देतात, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५. म्हणून तो मित्र तुम्हाला रेल्वे स्टेशनवर, भाजीबाजारात दिसेल. त्रास होईल. त्याच्याशी वाद घालू नका. तपास कुठवर आलाय हे नव्वद दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, तेवढं विचारत राहा.

"मॅडम, वस्तू परत मिळाली की केस मागे घेऊ," असं अनेकजण म्हणतात. यात मी तुम्हाला अडवणार नाही, मैत्रीचा निर्णय तुमचा आहे. पण एफआयआरच्या आधी हे नीट समजून घ्या. साधी चोरी आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत आहे, राहत्या घरातली चोरी त्या यादीत नाही. ती मिटवायची तर दोघांनी मिळून मुंबई उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो आणि निर्णय न्यायालयाचा असतो. पोलीस ठाण्यात जाऊन "मागे घेतो" म्हटलं की संपत नाही.

फौजदारी वाट नकोच असेल तर वकिलामार्फत नोटीस आणि मग दिवाणी दावा करता येतो, वस्तू परत मिळावी किंवा तिची किंमत मिळावी म्हणून. वस्तू कोणाकडे आहे हे तुम्हाला पहिल्यांदा कळलं त्या दिवसापासून तीन वर्षांत. सोनाराने चांगल्या मनाने विकत घेतली असली तरी चोरीच्या मालाची मालकी साधारणपणे त्याच्याकडे जात नाही. दिवाणी दाव्याला वेळ लागतो, कोर्ट फी लागते, आणि पुराव्याचं ओझं तुमच्यावर असतं. सोनं कुठे आहे हेच माहीत नसेल तर मी दिवाणीचा सल्ला देत नाही, कारण शोध घेणं आणि जप्ती हे पोलिसांनाच जमतं.

जप्त झालेला मुद्देमाल खटला संपेपर्यंत पोलीस ठाण्यात राहतो असा समज आहे. तसं व्हायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय की पंचनामा करून, फोटो काढून, बंधपत्र घेऊन अशा वस्तू लवकर परत द्याव्यात, पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त काळ पोलीस ठाण्यात ठेवू नयेत. त्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा, बिल आणि फोटो जोडा. दागिने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाने मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, घरी आले की ते मोडू नका, आटवू नका, डिझाइन बदलू नका. खटल्यात कोर्टाने मागितले तर त्याच रूपात हजर करावे लागतात.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, ठाण्यात ते जिल्हा न्यायालयातच आहे. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. जाताना एफआयआरची प्रत आणि दागिन्यांचे फोटो सोबत न्या.