दोरीवरचे चिमटे

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला नैराश्याने घेरलेल्या मुलाच्या सोबत कसे राहावे याविषयी बोलायचे आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तज्ज्ञाचा नाही. तो एका बापाचा आहे, आणि तोही अशा बापाचा, ज्याने पहिले पाच-सहा महिने जवळजवळ सगळेच चुकीचे केले.

नैराश्य म्हणजे काय, हे आपण सगळे थोडेफार ऐकून आहोत, म्हणून थोडक्यात सांगतो. सलग किमान २ आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस निघून जाणे, त्याच्या जोडीला झोप, भूक आणि एकाग्रता बिघडणे, आणि आपण कोणाच्या काही उपयोगाचे नाही असे वाटत राहणे, अशी ही ढोबळ लक्षणे आहेत. (सामना हरला तरी डिप्रेशन आणि केस जरा जास्त कापले गेले तरी डिप्रेशन, अशी हल्ली बोलायची जी पद्धत पडली आहे, तिने या शब्दाची धारच बोथट केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.) मुलांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी असते आणि ती मी दोनदा सांगणार आहे. मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचीड दिसू शकते. रडणाऱ्या मुलाला आपण जवळ घेतो आणि दार आपटणाऱ्याला ओरडतो, म्हणून पुन्हा सांगतो, की चिडचीड हेही नैराश्याचे लक्षण असू शकते.

आमच्या घरी दारेच आपटत होती. माझी मुलगी तेव्हा १४ वर्षांची होती. सुरुवात डोकेदुखीने झाली. रोज सकाळी शाळेच्या वेळेला तिचे डोके दुखायचे, म्हणून आम्ही तिचे डोळे तपासून घेतले, तिला चष्मा लागला, आणि चष्मा लावूनही डोके दुखतच राहिले. मग तिने केस विंचरणे सोडले. तिचे केस लांब होते. मानेमागे त्यांचा असा गुंता झाला की तो मुठीएवढा दिसू लागला, आणि मी त्या गुंत्यावरून तिला आळशी म्हणालो. एका दुपारी तिच्या आईने तिला जमिनीवर पुढ्यात बसवले आणि खालच्या टोकापासून एकेक बट सोडवायला घेतली. तीन तास लागले. त्या तीन तासांत दोघी एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि उठताना मुलगी एवढेच म्हणाली, “हात वर उचलायचा कंटाळा येत नाही गं, हात उचलतच नाही.” हे वाक्य तिच्या आईने मला रात्री सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितले, कारण थायरॉइडच्या बिघाडाने किंवा रक्तातले लोह कमी झाल्यानेही माणूस असाच गळून जाऊ शकतो. ते निष्कर्ष ठीक आले आणि आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे व तिथून समुपदेशक बाईंकडे पोहोचलो. बाईंनी मला विचारले, “तुम्ही तिला दिवसभरात किती प्रश्न विचारता?” मी म्हणालो, “असतील पाच-सात.” त्यांनी मला मोजायला सांगितले. मी वहीच्या पानावर रेघा मारत गेलो आणि रात्री आठपर्यंत ३७ रेघा झाल्या. उठलीस का, दात घासलेस का, अजून अंघोळ नाही, काय झालंय तुला, काय कमी आहे तुला, मैत्रिणीला फोन केलास का, आज बरं वाटतंय का, मग कधी वाटणार. बोलण्यावर ज्याचे पोट चालते अशा माणसाने आपलेच प्रश्न असे कागदावर मोजून पाहावेत. ते पान मी अजून जपून ठेवले आहे.

बाईंनी सांगितले की आठवडाभर तिच्या तब्येतीविषयी एकही प्रश्न विचारू नका. मी म्हणालो, मग आम्हाला कळणार कसे? त्यावर कोपऱ्यात बसलेली माझी मुलगी पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, “मी चिमटे लावीन.”

कपडे वाळत घालायचे साधे चिमटे. तिने आपल्या खोलीच्या दाराबाहेर, एका खिळ्यापासून कडीपर्यंत, हातभर दोरी बांधली. एक चिमटा म्हणजे आज बरे आहे, माझ्यामागे लागू नका. दोन चिमटे म्हणजे येऊन बसा, पण बोलू नका. तीन चिमटे म्हणजे मला एकटी सोडू नका. हे नियम तिचे होते आणि आम्ही त्यांत काना-मात्रा बदलायची नाही, असे ठरले.

दोन आठवडे हे छान चालले, आणि मग मी माती खाल्ली. एका संध्याकाळी दोन चिमटे होते. मी आत जाऊन बसलो, दहा मिनिटे गप्पही राहिलो, आणि त्यानंतर जिद्द, मनोबल आणि माझे स्वतःचे खडतर बालपण या विषयावर वीस मिनिटे बोललो. तिने मध्ये एकदाही मला थांबवले नाही. दुसऱ्या दिवशी दोरी रिकामी होती. त्यानंतरचे तीन दिवसही ती रिकामीच होती. चौथ्या रात्री मी दाराबाहेरूनच म्हणालो, “दोन चिमट्यांना मी बोललो, माझं चुकलं.” सकाळी एक चिमटा लागलेला होता.

तीन चिमटे मी एकदाच पाहिले, रात्री सव्वाअकराला. मी आत जाऊन तिच्या शेजारी बसलो. बाईंनी मला आधीच बजावून ठेवले होते की अशी वेळ आली तर आडून आडून विचारू नका, थेट विचारा, कारण विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. मी विचारले, “तुझ्या मनात मरून जावं असं येतं का?” हे वाक्य म्हणताना माझा आवाज फाटला. ती म्हणाली, “येतं. रोज नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आता तू आईला सांगशील.” मी म्हणालो, “आईला सांगणार आणि डॉक्टरांनाही सांगणार, आणि आज मी इथेच झोपणार.” कोणाला सांगणार नाही असे वचन मी दिले नाही. कृपया हे लक्षात ठेवा: असे वचन कधीही देऊ नका. डॉक्टरांशी रात्रीच फोनवर बोलून घेतले, घरातली सगळी औषधे, अगदी तापाच्या गोळ्यासुद्धा, कपाटात कुलूप लावून ठेवली, आणि मी तिच्या खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून पडलो. सकाळी सगळ्यांत पहिली वेळ आम्हाला मिळाली. मूल या टोकाला आलेले दिसले तर वेळ मिळण्याचीही वाट पाहू नका, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्याला घेऊन जा.

तोपर्यंत मी औषधाला विरोध करत होतो. डॉक्टरांनी माझ्याशी वाद घातला नाही, फक्त आकडे सांगितले. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलामुलींवर एक अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००४ साली आले. १२ आठवड्यांनंतर फ्लुऑक्सेटिन हे औषध आणि विचार-वर्तन उपचार, म्हणजे बोलण्यातून चालणारा उपचार, हे दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुले चांगली सुधारली होती. नुसत्या औषधाने ६१ टक्के सुधारली, नुसत्या बोलण्याच्या उपचाराने ४३ टक्के, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीने ३५ टक्के. मी म्हणालो, म्हणजे दोन्ही देऊनही दहातली तीन मुले राहिलीच की. डॉक्टर म्हणाले, “बारा आठवड्यांत राहिली. उपचार बाराव्या आठवड्याला संपत नाहीत.” त्यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. या औषधांनी काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्याच २००४ साली औषधांच्या माहितीपत्रकावर छापायला लावला होता, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत आम्ही तिच्यावर बारीक लक्ष ठेवायचे ठरले. गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करायचे नाही. हेही दोनदा सांगतो: आपल्या मनाने बंद करायचे नाही.

वेळ संपत आली, म्हणून उरलेले भरभर सांगतो. मुलाला आधी उत्साह येईल आणि मग ते उठेल, याची वाट पाहू नका. बहुधा आधी उठणे घडते आणि उत्साह त्याच्या मागून, फार हळू येतो. म्हणून काम इतके लहान द्या की ते नाकारण्याइतके मोठे वाटू नये. आमच्याकडे सुरुवातीला ते काम खिडकी उघडणे एवढेच होते. शाळेतल्या एका विश्वासाच्या शिक्षकांना मुलाच्या संमतीने सांगून ठेवा आणि अभ्यासाचा भार काही काळ कमी करून घ्या. एक वर्ष मागे पडण्याचे आपल्या लोकांना जे भय वाटते, ते मला कधीच समजलेले नाही. स्वतःची झोपही सांभाळा, आणि हे कोणामुळे झाले याचा तपास घरात सुरू झाला तर तो तिथेच थांबवा, कारण आनुवंशिकता, शरीर आणि परिस्थिती यांची यात इतकी सरमिसळ असते की एकाच्या डोक्यावर खापर फोडता येत नाही.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. मधे एकदा तिचे दुखणे उलटले होते, तेव्हा आम्ही दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टरांकडे होतो. हा प्रसंग सांगायला तिने दोन अटींवर परवानगी दिली. तिचे नाव घ्यायचे नाही, आणि ती माझ्यामुळे बरी झाली असे म्हणायचे नाही. काल रात्री हे सगळे लिखाण मी तिला वाचून दाखवले. तिने त्यातली दोन वाक्ये काढायला सांगितली, आणि ती मी काढली आहेत.

नमस्कार.