एक फांदीवर, एक अंगणात

[धुकं, ओल्या फांद्या, पाठोपाठ लाल रंग]

पेरूमधलं मानूचं जंगल. अँडीजचा पूर्व उतार. अजून नीट उजाडलंही नाही, तोवर झाडांत कल्ला सुरू झालाय.

हा कॉक-ऑफ-द-रॉक. इथले क्वेचुआ लोक त्याला म्हणतात तुंकी. पेरूचा हा राष्ट्रीय पक्षी. कबुतराएवढाच, पण अंगभर शेंदूर फासल्यासारखा. तुरा इतका पुढे आलेला की चोच शोधावी लागते. दोन नर समोरासमोर बसतात. वाकतात, पंख झटकतात, घसा खरवडून ओरडतात. पुन्हा वाकतात.

[कायेट्यूर धबधबा, मग रानातली जमीन]

आणि हा त्याचा भाऊ, गयानामधला. रुपिकोला गटात जगात हे दोनच पक्षी. हा झेंडूसारखा नारंगी. तुऱ्याच्या कडेने ही तपकिरी रेघ बघा. आणि पंखांवर सुटलेले हे रेशमी दोरे.

मादीसाठी हा थेट जमिनीवर उतरतो. प्रत्येक नराचं अंगण वेगळं, आणि ते त्याने स्वतः झाडलेलं. पंखांचा एक फटकारा, की पाचोळा बाजूला. मादीची चाहूल लागली की आधी गलका होतो. मग तो अंगणात बसतो, मान तिरकी करून तुरा आडवा धरतो, आणि हलत नाही. अजिबात नाही.

[कपार, ओला खडक]

मादी मात्र दोघांचीही तपकिरी. घर तीच बांधते. चिखल, बारीक मुळं, आपलीच लाळ. थरावर थर लिंपत वाटीसारखं घरटं खडकाला चिकटवते. हा काठ जवळून बघा, चिखलात मुळं कशी विणली आहेत. दोन अंडी. जवळजवळ चार आठवडे एकटीच उबवते. नर इकडे फिरकतही नाही.

[घरट्याखालची जमीन]

दोन्ही पक्षी मुख्यतः फळांवर जगतात. गर पोटात राहतो, बिया बाहेर पडतात. नरांच्या जागेखाली आणि या घरट्याखाली अशा किती झाडांच्या बिया साचल्यात! रान पेरलं जातं ते असं.

अँडीजच्या उतारांवर शेतीसाठी, कुरणांसाठी हेच रान तोडलं जातंय.

[कपारीत हालचाल]

ती परत आली. चोचीत फळ आहे. वाटीतून दोन माना वर आल्या.