बाई, सू आली

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. मी बेळगावची. शहापुरात बालवाडी चालवण्यात उमेदीची वर्षं गेली, आता लेकाकडे आलेय. आल्यापासून चार घरी तोच प्रश्न: "काकू, आमचा ऑगस्टमध्ये पाचाचा होतोय. यंदाच किंडरगार्टनला घालू की वर्षभर थांबू?" इथं कॅलिफोर्नियात १ सप्टेंबरपर्यंत पाच पुरी हवीत अशी रेघ, म्हणजे ऑगस्टचं पोर वर्गात शेंडेफळ.

आमच्याकडं रेघ १ जूनची. तुमच्यापैकी किती जणांच्या आजोबांचा वाढदिवस १ जूनला येतो? बघा, किती हात वर आले! गुरुजी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. हात पोचला की १ जून लिहून नाव दाखल. आता दाखला लागतो. कर्नाटकानं पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पुरी हवीत असं ठरवलं, मग २०२५-२६ पुरती यूकेजी झालेल्यांना पाच वर्षं पाच महिन्यांची सूट दिली. तोवर आयांचे जीव टांगणीला.

तारीख सरकार ठरवतं. पोराचं काय, ते बघायचं आपण.

खानापूरकडचं एक पोर माझ्याकडं आलं. शंभरपर्यंत आकडे तोंडपाठ, मुळाक्षरं येत होती. तरी आधीच्या शाळेनं "अजून तयार नाही, पुढच्या वर्षी आणा" म्हणून परत पाठवलेलं, कारण रोज चड्डी ओली. मी विचारलं, "तहान लागली तर काय म्हणतोस?" म्हणालं, "पाणी." बरोबरच की! पण तिथल्या टीचर कन्नड, त्यांना 'नीरु' कळायचं. पाणी असो की सू, पोर दोनदा सांगून बघायचं, मग गप्प बसायचं. आता सांगा, तयार कोण नव्हतं?

उलट एक पोरगी, अक्षराचा गंध नाही. पहिल्याच दिवशी माझा पदर ओढून म्हणाली, "बाई, सू आली. नाडी सोडा." मी तिथंच तिला पास केलं!

आईशिवाय दुसऱ्या कुणाला तरी आपली अडचण सांगता येते का, मी एवढंच बघते. डबा उघडता यावा, चप्पल घालता यावी, रडू आलं तरी थोड्या वेळानं थांबावं. एबीसीडी शिकवायला शाळा आहे ना. आणि वर्षभर थांबायचं ठरवलंत तरी पोराला घरी कोंडून ठेवू नका. २०२५-२६ पासून इथल्या सरकारी शाळांत १ सप्टेंबरला चार वर्षं पुरी झालेल्या सगळ्यांना 'टीके'चा, म्हणजे ट्रान्झिशनल किंडरगार्टनचा, किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग खुला आहे. मात्र पोर बोलतच नसेल, हाकेला वळून बघत नसेल, तर 'शाळेत गेलं की बोलेल' म्हणत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

एक गोष्ट मात्र मला खुपते. शाळा जवळ आली की तुम्ही घरातली मराठी बंद करता. कशासाठी? आमच्या सीमाभागात पोर घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी बोलतं, आणि कुठल्या दारात काय बोलायचं हे त्याला आपल्याआधी कळतं. गरजेचे पाच-सात इंग्रजी शब्द शिकवा की, त्यासाठी आजीशी बोलणं तोडायला नको. माझ्याकडं कन्नड घरांतली पोरंही यायची. त्यांच्यासाठी मी दारामागं कागद चिकटवला होता: नीरु, ऊटा, साकु, बेड, म्हणजे पाणी, जेवण, बास, नको. माझं कन्नड ऐकून त्यांच्या आया हसायच्या, पण पोरं उपाशी राहिली नाहीत.

माझ्या सुनेनं नातवाच्या टीचरला तसाच कागद दिला. सू, पाणी, नको, बास, आणि शेवटी आजी. हा शेवटचा शब्द कशाला, टीचरनं विचारलं. सून म्हणाली, "रडायला लागला की हेच म्हणतो."