पाण्यावरची हद्द

पहाटेच्या अंधारात ससून डॉकमधून निघालेला ट्रॉलर कुलाब्याच्या टोकाचा प्रोंग्ज दीपस्तंभ मागे टाकतो आणि तांडेलाची, म्हणजे नौकेच्या प्रमुखाची, नजर समुद्रावरून पाण्याची खोली आणि मासे दाखवणाऱ्या फिश फाइंडर यंत्राच्या लहानशा पडद्यावर येते. पडद्यावर खोलीचा आकडा दिसतो आहे: सात वाव. खलाशी जाळ्यापाशी तयार उभे आहेत, पण जाळे अजून पाण्यात जायचे नाही.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 सालचा आहे. त्याखालील आदेशांनुसार ट्रॉलने मासेमारी करणाऱ्या यांत्रिक नौकांना ठिकाणाप्रमाणे पाच ते दहा वावांच्या आतले पाणी वर्ज्य आहे. एक वाव म्हणजे सहा फूट. किनाऱ्यालगतच्या याच उथळ पट्ट्यावर लहान होडीवाल्या कोळ्यांचा संसार चालतो आणि तळ खरवडत जाणारे ट्रॉल जाळे तिथे शिरले, तर त्यांच्या जाळ्यांसकट माशांच्या पिल्लांचीही धूळधाण होते.

खोलीवर आखलेली ही हद्द मात्र फसवी असते. मुंबईत मोठ्या उधाणाची भरती पाच मीटरच्या जवळपास पोहोचते, म्हणजे अडीच वावांहूनही अधिक. आणि सागरी नकाशावरची खोली सर्वात खालच्या ओहोटीच्या सुमाराच्या पातळीपासून मोजलेली असते. त्यामुळे नकाशावर आठ वाव असलेल्या जागी भरतीच्या ऐन माथ्यावर यंत्र दहा वाव दाखवू शकते. जाणता तांडेल म्हणूनच पडद्यावरच्या आकड्यातून भरतीचे पाणी मनातल्या मनात वजा करतो. तिथी पाहून समुद्र ओळखणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते नव्या यंत्रावर सगळी भिस्त ठेवणाऱ्याला.

संरक्षित समुद्रात हद्द वेगळ्या रीतीने आखतात. 1987 मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा जेमतेम 3 चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाचा पट्टा, आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यानात 2004 पासून लागू असलेल्या नकाशावर विभागांना रंगच दिलेले आहेत. हिरव्या विभागातून बोट नेता येते, आधी इतरत्र पकडलेले मासे बोटीवर असले तरी चालते, पण गळ पाण्यात असता कामा नये आणि मासेमारीचे साहित्य आवरून ठेवलेले असावे लागते. पिवळ्या विभागात माणशी एकच दोरी आणि तिला एकच गळ. गुलाबी विभागात परवान्याशिवाय शिरताच येत नाही. विभागांच्या सीमा बहुतांशी अक्षांश-रेखांशांनी ठरलेल्या असल्यामुळे जीपीएसवर नजर ठेवणाऱ्याला हद्द कळत नाही, असे सहसा होत नाही. आमच्या मते वावांच्या हिशेबापेक्षा ही पद्धत वादाला कमी जागा ठेवते.

तिथेही प्रवाह असतोच. मुंबईहून सुट्टीला गेलेले हौशी मंडळी इंजिन बंद करून गळ टाकून गप्पांत रमतात आणि अर्ध्या तासात बोट आपसूक हिरव्या विभागात सरकते. सीमेजवळ थांबायचे असेल, तर वारा आणि ओढ कुठल्या दिशेला आहे ते आधी पाहून तेवढे अंतर राखणे हा त्यावरचा साधा उपाय.

इकडे ट्रॉलरवर आता उजाडले आहे. पडद्यावर अकराचा आकडा दिसतो. तांडेल घड्याळ पाहतो, भरतीला अजून जोर आहे. खलाशांकडे न पाहताच तो हाताने थांबायची खूण करतो आणि ट्रॉलर पश्चिमेला आणखी पुढे जातो.