आधी नाडी, मग पोट

(मालवण येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विषय आहे विषारी झाडांमुळे बिघडलेले हृदयाचे ठोके आणि त्यांवरचे तातडीचे उपचार. पण सुरुवात बिट्टीपासून करतो. लहानपणी बिट्ट्या खेळला नाही असा कुणी आहे इथे? हात वर करा. बघा, एकही नाही! तीच ही पिवळी कण्हेर. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून आपण ती कुंपणाला लावतो आणि फूल देवाला वाहतो.

मे महिन्यातली गोष्ट. मुंबईहून आलेला सात वर्षांचा नातू भातुकली खेळत होता. दुपारी उलट्या सुरू झाल्या. घरच्यांनी एका दवाखान्यात नेलं, तिथे 'आंबे जास्त झाले' म्हणून ओआरएस देऊन परत पाठवलं. नाडीला कुणी हात लावला नाही. हे मला आजही सहन होत नाही. संध्याकाळी आजी त्याला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "डॉक्टरांनू, बिट्टी खाल्ल्यान नाय हो, नुसती चावल्यान." त्या माउलीला वाटलं, चावली म्हणजे धोका कमी. खरं तर सबंध गिळलेली बी कधी कधी तशीच बाहेर पडते. चावली की विष मोकळं होतं. मी मनगट धरलं. सात वर्षांच्या पोराची नाडी मिनिटाला चव्वेचाळीस! ईसीजीत वरच्या कप्प्याचे सगळे ठोके खाली पोचतच नव्हते. ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपिन दिलं, नाडी चढली, आणि मी स्वतः गाडीत बसून फोंडा घाट चढलो. कोल्हापुरात दोन रात्री तात्पुरत्या पेसमेकरवर काढून पोरगा घरी आला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. मग भरभर सांगतो. बिट्टी, साधी कण्हेर, दोन्हींतली विषं डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या जातकुळीतली. पेशीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप ती अडवतात. रक्तात पोटॅशियम चढू लागलं की प्रकरण गंभीर समजा. मिठाचं पाणी पाजून वेळ घालवू नका. लवकर आला आणि शुद्धीत असला तर पोटातलं विष शोषून घेणारा औषधी कोळसा द्या. ईसीजी एकदा चांगला आला म्हणून घरी सोडू नका; ठोके दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही बिघडतात. अ‍ॅट्रोपिन पुरलं नाही तर पेसमेकर.

आणि उतारा आहे! मेंढीच्या रक्तातून केलेली डिजॉक्सिनविरोधी प्रतिद्रव्यं. श्रीलंकेत बिट्टीचे रुग्ण फार; तिथल्या अभ्यासात या औषधाने ठोके सुधारले, पोटॅशियम उतरलं. 2000 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे तिथेच किमतीपायी ते मिळेनासं झालं आणि माणसं गेली. सापाची लस आपल्या आरोग्य केंद्रात असते. कुंपणातल्या झाडाचा उतारा निदान जिल्ह्याच्या ठिकाणी तरी असावा, एवढंच मी मागतोय. इथे जिल्हा परिषदेची मंडळी बसली आहेत. अर्ज मी लिहून आणलाय, जाताना घेऊन जा.